पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट: सेंटर बेअरिंग काढून एकच लांब पाइप टाकावा का?

माळशेजमार्गे

नमस्कार मंडळी. टोमॅटोचा हंगाम तोंडावर आलाय आणि त्याआधी गाडीचं एक काम ठरवायचंय, म्हणून हा धागा काढतोय.

गाडी दीड टनी पिकअप, लांब चॅसिसची, टू व्हील ड्राइव्ह. नारायणगावहून वाशीला माल जातो. आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण असा रस्ता. जाताना कॅरेट शिगोशीग भरलेली, येताना रिकामी. गेल्या काही हंगामांपासून एकच दुखणं मागे लागलंय, ते म्हणजे सेंटर बेअरिंग (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधे आधार देणारं बेअरिंग) टिकत नाही. नवीन टाकलं की थोडे दिवस बरे जातात. मग पुन्हा क्लच सोडताना गाडी खालून थरथरायला लागते, चाळीसच्या पुढे सीटखाली घुमतं, आणि खोलून बघावं तर बेअरिंगभोवतीचं रबर फाटलेलं.

आमच्याकडच्या एका लेथवाल्याचं म्हणणं असं, की मधली भानगडच काढून टाकू. गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत, एकच अखंड पाइप करून देतो, क्रॉस (शाफ्टचे कोनात फिरणारे सांधे) तीनाऐवजी दोनच राहतील आणि सेंटर बेअरिंगचा खर्च कायमचा बंद. ऐकायला पटतंय. पण कंपनीनं शाफ्टचे दोन तुकडे केले ते उगाच केले नसणार, ही शंका मनातून जात नाही. कुणी असा बदल केलाय का? भरल्या गाडीला घाटात काय फरक पडतो?

पाना_बावीस

दादा, पाइप कापायला देऊ नका. आधी खालच्या गोष्टी सांगा.

गिअरबॉक्सकडच्या क्रॉसच्या मध्यापासून हाउसिंगकडच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत लांबी किती? पाइपचा व्यास किती? मागे स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकलेत का? गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळतंय का? आणि मागच्या वेळी शाफ्ट खोलला तेव्हा स्लीव्ह (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी सांधा) बाहेर काढली होती का?

माझं गॅरेज भोसरीत आहे आणि हाउसिंग-शाफ्टचीच कामं जास्त येतात. सेंटर बेअरिंग फाटलं की ते बदलून गाडी सोडून द्यायची पद्धत आहे. ते कशानं फाटलं हे बघायला गाडीखाली कुणी थांबत नाही. तुमच्या गाडीचं तेच झालं असावं असं वाटतंय.

वाडीवरची

मी एकसंध शाफ्टची गाडी वापरते, म्हणून लिहिते. आमची दापोलीजवळ रोपवाटिका आहे. कलमं आणि रोपं पोचवायला जुन्या जीपच्या बांधणीची, आखूड व्हीलबेसची पिकअप आहे. तिला कंपनीकडूनच एक शाफ्ट आणि दोन क्रॉस आहेत. सेंटर बेअरिंग नावाची वस्तूच नाही. वेळच्या वेळी ग्रीस मारलं की तक्रार शून्य. पावसाळ्यात वहाळातून पाण्यात घालावी लागते तरीसुद्धा.

त्यामुळे एकसंध शाफ्ट वाईट असं कुणी म्हणू नये. मात्र आमची गाडी आखूड आहे आणि आमच्या रस्त्यांवर तिला पन्नासच्या पुढे वाव नाही, हेही सांगायला हवं.

माळशेजमार्गे

मोजलं. क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ फूट १० इंच, म्हणजे १७८० मिलिमीटरच्या आसपास. त्यात पुढचा तुकडा साधारण ७०० आणि मागचा १०८०. पाइप बाहेरून तीन इंची. मागे दोन पाटे जास्तीचे टाकलेले आहेत, कारण भरल्यावर गाडी फार बसायची. गिअरबॉक्सच्या मागे ओल आहे. स्लीव्ह काढली होती की नाही ते माहीत नाही, काम चालू होतं तेव्हा मी मार्केटला होतो.

लेथवाला म्हणतोय की वाडीवरच्या ताईंच्या गाडीसारखाच शाफ्ट होईल, फक्त लांब.

ट्रान्समिशनवाला

त्या 'फक्त लांब' मध्येच सगळं आहे. मी पिंपरी-चिंचवडला शाफ्ट आणि अ‍ॅक्सलच्या कामात नोकरीची बरीच वर्षं घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुठलाही पाइप कितीही चांगला बनवला तरी शंभर टक्के सरळ नसतो. स्वतःच्या वजनानं, वेल्डिंगच्या ओढीनं मधला भाग केसभर बाहेर असतोच. वेग वाढला की तो आणखी बाहेर फेकला जातो आणि पाइपचा ताठपणा त्याला आत धरून ठेवतो. एका ठरावीक वेगाला हा ताठपणा कमी पडतो आणि पाइप दोरीउडीच्या दोरीसारखा मधे फुगून फिरायला लागतो. त्या वेगाला क्रिटिकल स्पीड म्हणतात. तिथे शाफ्ट काही काळ राहिला तर पाइप वाकतो, क्रॉस निखळतो, गिअरबॉक्सचं मागचं कव्हर फुटू शकतं.

हा वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी दुप्पट केली तर क्रिटिकल स्पीड चौथ्या हिश्शावर येतो. व्यास वाढवला तर मात्र तो साध्या प्रमाणातच वाढतो. म्हणजे लांबीनं केलेलं नुकसान व्यासानं भरून काढणं महागात पडतं.

स्टीलच्या पाइपसाठी ढोबळ हिशेब असा: बाहेरच्या आणि आतल्या व्यासांचे वर्ग करून बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १२ कोटी १० लाखांनी गुणा आणि लांबीच्या वर्गानं भागा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर आरपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती फेरे यात येतं. तुमचा पाइप ७६ मिलिमीटर बाहेरून आणि पत्रा २ मिलिमीटर धरला तर आतून ७२. अखंड १७८० लांबीला उत्तर येतं सुमारे ४,०००. हे कागदावरचं. प्रत्यक्षात योकचं (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचं) वजन, क्रॉसमधली ढिलाई, गिअरबॉक्सच्या रबरांचा मऊपणा यांमुळे ते खाली येतं, म्हणून कागदी आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या पुढे शाफ्ट फिरवू नये असा धंद्यातला दंडक आहे. तुमच्या बाबतीत ३,०००.

आता गाडीचा वेग बघू. टायर २१५/७५ आर १५ धरला तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.१५ मीटर जाते. हाउसिंगचं गुणोत्तर ४.३ धरू, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.३ फेरे. तुमच्या गाडीचं थोडं वेगळं असेल, प्लेटवर बघून घ्या. ताशी एका किलोमीटरला शाफ्टचे ३३ आरपीएम पडतात. ९० च्या वेगाला ३,०००, १२० ला ४,०००. म्हणजे ९० ला तुम्ही दंडकावर आणि १२० ला थेट क्रिटिकलवर.

हाच पाइप दोन तुकड्यांत असताना मागच्या १०८० च्या तुकड्याचा कागदी क्रिटिकल स्पीड १०,८०० च्या वर जातो आणि पुढच्या ७०० च्या तुकड्याचा त्याच्या दुपटीहून जास्त. सेंटर बेअरिंग रबरात लटकलेलं असल्यामुळे प्रत्यक्षातला आकडा कमी भरेल, तरी काळजीच उरत नाही. कंपनीनं दोन तुकडे केले ते एवढ्यासाठी. ताईंची गाडी आखूड असल्यामुळे तिला हा प्रश्नच आला नाही.

हिशेबनीस

प्रतिवाद म्हणून विचारतो. माझ्या चार पिकअप नाशिक-मुंबईवर असतात. भरलेली गाडी ८० च्या पुढे जात नाही, ड्रायव्हरना तशी ताकीदच आहे. तुमच्याच हिशेबानं ८० ला शाफ्ट २,६६६ वर फिरतो, म्हणजे ३,००० च्या आत. मग एकसंध शाफ्ट का नको? सेंटर बेअरिंग, त्याचा ब्रॅकेट, तिसरा क्रॉस, आणि त्यापेक्षाही जास्त म्हणजे ऐन हंगामात गाडी उभी राहण्याचं नुकसान, हे सगळं वाचतंय. शिवाय पाइप तीनऐवजी चार इंची घेता येईल.

ट्रान्समिशनवाला

दोन्ही मुद्दे बरोबर दिशेनं आहेत, म्हणून दोन्हींना उत्तर देतो.

८० चं आधी. क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एका वेगानं फिरत असली तरी मागची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे पडते. १० अंशांच्या कोनाला हा फरक दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे इतका असतो. त्यामुळे शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के बसतात. शाफ्ट २,००० वर फिरत असला तरी धक्के ४,००० च्या गतीनं बसतात आणि पाइपचा क्रिटिकल स्पीड नेमका तोच. म्हणजे निम्म्या क्रिटिकलवरही पाइप घुमतो. तुमच्या गाडीचा ताशी वेग तेव्हा ६० असेल. माल भरून कसाऱ्यापुढे सपाटीला लागलात की ड्रायव्हर जो वेग तासन् तास धरून ठेवतो, तोच हा वेग. पाइप लगेच तुटणार नाही, पण गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग, पिनियनचं (शाफ्ट जिथे हाउसिंगला जोडतो तिथल्या गिअरचं) सील आणि क्रॉसचे कप हळूहळू जातील.

आता चार इंची पाइप. १०० मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर पत्रा घेतला तर १७८० लांबीला क्रिटिकल स्पीड सुमारे ५,३०० येतो. ७५ टक्के म्हणजे ३,९७०, ताशी ११९. कागदावर चालतं, मी नाही म्हणणार नाही. प्रश्न जागेचा आहे. ज्या आडव्या पट्टीवर सेंटर बेअरिंग टांगलंय ती पट्टी शाफ्टच्या वाटेतच आहे. आज तिथे शाफ्ट वर-खाली होत नाही, कारण पुढचा तुकडा जवळपास स्थिर असतो. एकसंध शाफ्टमध्ये हाउसिंग १०० मिलिमीटर वर आलं की शाफ्टचा मध्य ५० मिलिमीटर वर येतो. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की चार इंची पाइप त्या पट्टीला किंवा सायलेन्सरला घासणार. पट्टी कापायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती चॅसिसचा भाग आहे.

अ‍ॅल्युमिनियमचंही पुढे कुणीतरी विचारेल म्हणून आताच लिहितो. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण त्याच प्रमाणात लवचीकही असतं, त्यामुळे तेवढ्याच मापाच्या पाइपचा क्रिटिकल स्पीड स्टीलइतकाच येतो. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपना एकसंध अ‍ॅल्युमिनियम शाफ्ट असतात ते जाड व्यासाचे असतात आणि त्यांच्या पोटाखाली तेवढी जागा ठेवलेली असते. फरक पाडतं ते कार्बन फायबर. निस्सान ३५० झेडमध्ये तसा शाफ्ट होता. पिकअपला दगडगोट्यांच्या रस्त्यावर तो कुणी सुचवू नये.

आणि लेथवर 'बॅलन्स करून देतो' म्हणणाऱ्यांबद्दल एक वाक्य. लेथवर पाइप सरळ आहे की नाही एवढंच कळतं. बॅलन्सिंग वेगळ्या मशीनवर, दोन्ही टोकांचं वेगवेगळं वजन काढून करावं लागतं, आणि उत्तम बॅलन्स केल्यानं क्रिटिकल स्पीड एका आरपीएमनंही वाढत नाही.

मेलबर्नकर

मी ऑस्ट्रेलियात असतो. इथे हायलक्स आणि डी-मॅक्स या पिकअपसाठी सेंटर बेअरिंग काढून एकसंध शाफ्ट बसवण्याची तयार किट सर्रास विकली जातात, त्यामुळे ही चर्चा मला ओळखीची आहे. गाडी उंच केली की क्लच सोडताना थरथर सुरू होते आणि लोक कंटाळून एकसंध शाफ्टकडे जातात. माझ्या फोर बाय फोरमध्ये मीही तो बसवला आणि मी समाधानी आहे. हमरस्त्यावर ११० ला गाडी शांत असते.

पण ट्रान्समिशनवाले साहेबांचं वाचल्यावर खाली जाऊन मोजलं. माझा शाफ्ट दीड मीटरच्या आतच भरतो. हायलक्सचा व्हीलबेस ३,०८५ आणि भारतातल्या पहिल्या डी-मॅक्सचा ३,०९५, म्हणजे गाड्या काही लहान नाहीत. मग शाफ्ट आखूड कसा?

ट्रान्समिशनवाला

तुमची फोर बाय फोर आहे म्हणून. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणारी पेटी) बसलेली असते, ती तेवढी जागा खाते आणि मागचा शाफ्ट तेवढा आखूड होतो. माळशेजमार्गे यांच्या टू व्हील ड्राइव्हमध्ये ती सगळी लांबी शाफ्टला भरून काढावी लागते. १७८० च्या जागी १४५० आले तर केवळ लांबीमुळे क्रिटिकल स्पीड दीडपट होतो. तुमच्याकडच्या किटमध्ये पाइपही मूळ शाफ्टपेक्षा जाड असतो. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून आपल्याकडच्या मालवाहू पिकअपला तेच करायला जाणारे लोक व्हीलबेस बघतात, शाफ्ट मोजत नाहीत.

एकसंध शाफ्टच्या बाजूनं एक गोष्ट मी मान्य करतो. गिअरबॉक्स आणि हाउसिंग यांच्या उंचीत १५० मिलिमीटर फरक असेल तर १७८० च्या शाफ्टला तो जेमतेम ५ अंशांत मिटवता येतो. दोन तुकड्यांत पुढचा तुकडा जवळपास सरळ ठेवतात, त्यामुळे तोच फरक १०८० च्या मागच्या तुकड्यावर पडतो आणि कोन ८ अंशांवर जातो. क्लच सोडतानाची थरथर इथून येते. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क सगळ्यात जास्त असतो आणि कोनातला क्रॉस तो टॉर्क पुढे देताना शाफ्टला आडवाही ढकलतो, फेऱ्यात दोनदा. ताशी १० च्या वेगाला हिशेब केला तर सेकंदाला ११ हिसके. हे हिसके झेलतं ते सेंटर बेअरिंगचं रबर.

पाना_बावीस

आता मूळ दुखण्याकडे येऊ. साहेबांनी ८ अंश म्हटलंय ते कंपनीच्या उंचीचे धरा. जास्तीचे पाटे टाकले की रिकामी गाडी मागून उचलली जाते आणि हा कोन आणखी वाढतो. त्यात पाट्यांखाली पाचर न घालता गाडी उंच केली की पिनियनचं तोंड चुकीच्या दिशेला राहतं. येताना रिकाम्या गाडीला आवाज जास्त येतो का ते सांगा.

तपासणी घरीही करता येते. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी करा. चॅसिसला जॅक लावला तर हाउसिंग खाली लटकतं आणि सगळे कोन खोटे दिसतात. न्यूट्रलमध्ये टाका, चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप उघडून फोन आधी गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर, मग पुढच्या पाइपवर, मग मागच्या पाइपवर, मग पिनियनच्या फ्लँजवर ठेवा आणि चारही आकडे लिहून घ्या. हे रिकाम्या गाडीला करा आणि भरलेल्या गाडीलाही करा. गिअरबॉक्स आणि पुढचा पाइप यांत फरक फार कमी हवा, अर्धा ते एक अंश. अगदी शून्यही नको, कारण क्रॉसच्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी खळगे पाडतात. मागच्या पाइपच्या दोन टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत.

मग स्लीव्ह बघा. सेंटर बेअरिंगच्या मागे शाफ्ट आत-बाहेर सरकतो तिथे दोन्ही भागांवर बाणाची खूण ठोकलेली असते. ती समोरासमोर हवी. माती खरवडून डिझेलनं पुसल्याशिवाय दिसत नाही. खूण नसेल तर मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी बघा.

शेवटी सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट. ब्रॅकेट आणि आडव्या पट्टीच्या मध्ये वॉशर किंवा पट्ट्या असतात, त्या उंची जुळवण्यासाठीच दिलेल्या असतात. घाईत काम करणारा माणूस त्या काढून ठेवतो आणि परत घालायला विसरतो.

माळशेजमार्गे

भाऊ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून घेऊन मित्राच्या गॅरेजमध्ये गेलो. जे दिसलं ते लिहितो.

स्लीव्हवरचे बाण समोरासमोर नव्हते. दोन दात्यांनी सरकलेले होते. आधीच्या कामात स्लीव्ह बाहेर काढून तशीच ढकलून बसवली असणार.

ब्रॅकेटखाली एका बाजूला वॉशर होते, दुसऱ्या बाजूला नव्हते, त्यामुळे बेअरिंग तिरकं बसत होतं. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलचं तेल खाली माउंटिंगच्या रबरावर उतरून ते फुगून मऊ झालंय, हातानं गिअरबॉक्स हलतो. सेंटर बेअरिंगचं रबर वरच्या बाजूनं फाटलंय, खालच्या बाजूला फक्त चिरा आहेत.

कोनांचे आकडे: रिकाम्या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचा पाइप यांत अडीच अंश. मागच्या पाइपच्या पुढच्या टोकाला नऊ, पिनियनच्या टोकाला साडेसहा. भरलेल्या गाडीत मागचे दोन्ही कोन सहाच्या जवळ येतात. आणि हो, रिकाम्या गाडीलाच आवाज जास्त.

पाना_बावीस

मग लेथवाल्याला नको म्हणून सांगा. एवढ्या गोष्टी बिघडलेल्या असताना कुठलंही बेअरिंग टिकणार नाही, आणि उद्या एकसंध पाइप टाकला असता तरी गिअरबॉक्सचं माउंटिंग मऊच राहिलं असतं.

काम या क्रमानं करा. आधी गिअरबॉक्सचं मागचं सील आणि मग माउंटिंग. नवं माउंटिंग जुन्या सीलखाली घालू नका, पुन्हा तेलात भिजेल. मग स्लीव्ह बाण जुळवून बसवा, दाते झिजले असतील आणि हातानं पिरगळल्यावर खडखडत असेल तर स्लीव्ह बदला. नवं सेंटर बेअरिंग घ्या, दोन्ही बाजूंना सारखे वॉशर घालून पुढचा कोन एक अंशाच्या आत आणा. ब्रॅकेटचे बोल्ट हातानं लावा, गाडी थोडी पुढे-मागे करा म्हणजे बेअरिंग आपली जागा घेईल, आणि मगच आवळा. मागचे कोन पाचरीनं जुळवायचे की जास्तीचा एक पाटा काढायचा, ते तुम्ही ठरवा. माझं मत पाटा काढावा. रिकाम्या फेऱ्याही तुम्ही भरलेल्या इतक्याच करता.

वाडीवरची

एक विचारू का? आमच्या गाडीचा पुढचा क्रॉस तुटला तर काय होतं? एकसंध शाफ्ट असला की लांब पाइप पुढून खाली पडणार ना?

ट्रान्समिशनवाला

ताई, हा प्रश्न आधी यायला हवा होता. पुढचा क्रॉस तुटला की पाइपचं पुढचं टोक रस्त्यावर पडतं, मागचं टोक हाउसिंगला धरलेलंच असतं, आणि गाडी पुढे जात असते. टोक खड्ड्यात अडकलं तर पाइप गाडीला मागून उचलू शकतो. म्हणून एकसंध शाफ्टच्या पुढच्या टोकाजवळ चॅसिसला जाड पट्टीचं संरक्षक कडं असावं. तुमच्या गाडीला नसेल तर बसवून घ्या, चांगला फॅब्रिकेटर सहज करतो. कडं आणि पाइप यांत हाउसिंग वर-खाली होईल एवढी मोकळी जागा मात्र ठेवा. दोन तुकड्यांत पुढचा क्रॉस तुटला तर सेंटर बेअरिंगचा थोडा आधार मिळतो, पण तुटका योक तरीही खाली आदळत फिरतो, तेव्हा त्यांनीही निर्धास्त राहू नये.

माळशेजमार्गे

काम झालं. सील, माउंटिंग, सेंटर बेअरिंग बदललं, बाण जुळवले, एक पाटा काढला, वॉशरनं पुढचा कोन पाऊण अंशावर आणला. रिकाम्या गाडीचं घुमणं गेलं. कल्याण रस्त्याला साठ-सत्तरवर आधी आरसा थरथरून मागची गाडी दिसायची नाही, आता स्पष्ट दिसते. माल भरून चढाला पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना किंचित थरथर अजून आहे. मागचे कोन अजून अर्ध्या-एक अंशानं जुळवायचे राहिलेत, पाचर घालून बघणार आहे.

ग्रीस किती वेळानं मारायचं तेवढं सांगा.

पाना_बावीस

तुमच्या वापराला दर सर्व्हिसच्या मध्ये एकदा तरी, आणि पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात. लिथियमचं ईपी ग्रीस, दोन नंबरचं. पंप मारताना क्रॉसच्या चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. एखाद्या कपातून आलंच नाही तर शाफ्ट थोडा फिरवून परत मारा, तरी नाही आलं तर तो क्रॉस खोला. कपाच्या तोंडाशी गंजाची लालसर पूड दिसली तर खोलायचीही वाट बघू नका, बदला. स्लीव्हलाही निपल असतो, तो बहुतेक जण विसरतात.

आणि सेंटर बेअरिंगवर वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप सरळ मारू देऊ नका. सील असलेलं बेअरिंग आहे, आत पाणी गेलं की परत बाहेर यायला वाट नाही.

नवा_सभासद

धागा आजच वाचला. माझ्या पिकअपचा चॅसिस आधीच्या मालकानं दीड फूट वाढवलाय आणि मागच्या शाफ्टमध्ये तेवढाच पाइप जोडलाय. पंचाहत्तरला घुमायला लागते. मधे आणखी एक सेंटर बेअरिंग टाकता येईल का?

ट्रान्समिशनवाला

तुमच्या बाबतीत शाफ्टच्या आधी कागदपत्रं. व्हीलबेस आरसी बुकात नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलात असा फरक करायला मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला आक्षेप यावरच घेईल. त्यासाठी वकिलाशी बोला.

शाफ्टचं विचाराल तर मागचा तुकडा क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून इथे टाका. जोडलेल्या पाइपचा फोटोही द्या, वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंनी. तोपर्यंत गाडी साठच्या आत चालवा.